भाषाशिक्षक बदलला, की फक्त वेळापत्रक बदललं?

वेलांटी | ४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.१२

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते. मुख्यतः नववी-दहावी, कुमारभारती. इथे बरेच शिक्षक आहेत म्हणून विचारतेय. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अभ्यासक्रम बदलले, मूल्यमापन बदललं, नवं धोरण आलं. या सगळ्यात 'मी भाषेची शिक्षिका आहे' असं म्हणताना तुमच्या मनात जे येतं, ते कशामुळे बदललं? प्रशिक्षणामुळे? पुस्तकामुळे?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला बरं. प्रशिक्षणांनी माझ्यात फार काही हललं नाही. हललं ते गुणांमुळे आणि तासिकांमुळे.

मी नोकरीला लागले तेव्हा मराठीचा चांगला शिक्षक कोण, हे गावाला ठाऊक होतं. कविता चालीवर म्हणणारा, गॅदरिंगचं सूत्रसंचालन करणारा, वक्तृत्व स्पर्धेची भाषणं लिहून देणारा आणि मुख्याध्यापकांच्या पत्रातले ऱ्हस्वदीर्घ तपासणारा. वर्गात त्यानं बोलायचं, मुलांनी ऐकायचं. संदर्भासहित स्पष्टीकरण फळ्यावर लिहून दिलं की झालं. ही फार थोर परंपरा होती असं माझं म्हणणं नाही. पण त्यात मान होता.

२०१८-१९ ला दहावीची पुस्तकं बदलली आणि भाषांच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. चौकटी पूर्ण करा, ओघतक्ता, आकृतिबंध, स्वमत, उपयोजित लेखन. कागदावर कल्पना उत्तम होती: पाठांतर सुटावं, मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहावं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं की तुम्ही आता सांगणारे नाही, सुलभक आहात, म्हणजे मुलांना स्वतः शिकायला मदत करणारे. पहिली सहामाही उलटायच्या आत बाजारात स्वमताच्या तयार उत्तरांची गाईडं आली आणि मुलं 'स्वतःचं मत' पाठ करून यायला लागली. तपासताना ओळखू येतं हो. अख्ख्या तुकडीला कवितेतली तीच ओळ आवडलेली असते!

त्याच वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले आणि पेपर सरळ १०० चा केला. मार्च २०१९ चा निकाल लागला ७७.१० टक्के. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षापासून लेखी ८०, तोंडी २० परत. ते वर्ष मी विसरलेले नाही. तोंडीचे गुण आमच्या हातात असताना 'खिरापत वाटता' म्हणून टोमणे, काढले तेव्हा 'पोरं नापास केलीत' म्हणून टोमणे. पण खरं नुकसान तिसरंच झालं. तोंडी परीक्षा कितीही नावापुरती असो, तिच्या निमित्तानं वर्गातलं प्रत्येक मूल उभं राहून दोन मिनिटं बोलायचं आणि मी ऐकायचे. त्या वर्षी तेही नाही. वर्षभर फक्त चौकटी.

तर तुमचा अनुभव लिहा. 'पूर्वीचे शिक्षक चांगले होते' यावर कृपया वेगळा धागा काढा.

---

माणदेशी मास्तर | ४ ऑक्टोबर, रात्री १०.०५

वेलांटीताई, तुम्ही निदान एका भाषेच्या शिक्षिका आहात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला 'भाषा' शिकवतो. शिक्षण हक्क कायद्यात उच्च प्राथमिकला किमान तीन प्रकारचे शिक्षक सांगितलेत: गणित-विज्ञानाचा, सामाजिक शास्त्राचा आणि भाषेचा. म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजी हे सगळं मिळून मी एक. माझं बीए मराठीतलं. सकाळी पहिल्या तासाला मराठी, मधल्या सुट्टीआधी इंग्रजी, नंतर हिंदी. पोरांना वाटतं गुरुजी सर्वज्ञ आहेत. गुरुजींना माहीत आहे की काल रात्री गुरुजी काय वाचत बसले होते.

इंग्रजीचं सांगतो. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा माझे थोरले सहकारी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, काही डीएडला इंग्रजीला घाबरलेले. एका जूनमध्ये ते इंग्रजीचे शिक्षक झाले. कुणी विचारलं नाही, तुम्हाला व्हायचंय का. त्यातल्या एका सरांनी निवृत्तीपर्यंत इंग्रजीचा तास मराठीतूनच घेतला आणि त्यांच्या वर्गातली पोरं इंग्रजी वाचायला बरी होती, हे माझं न उलगडलेलं कोडं आहे.

पण प्रशिक्षणांनी काही झालं नाही हे मला मान्य नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या, म्हणजे त्या विभागातल्या, प्राथमिक शाळा बघून आलेला माणूस आहे. जमिनीवर आखलेले तक्ते, शब्दांच्या गाड्या, पोरं गटागटानं बसलेली आणि बाई कुठे आहेत ते पटकन दिसत नाही. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा अख्खा महाराष्ट्र तिथे गाड्या करून जात होता. मी परत आलो आणि माझा वर्ग बदलला. कायमचा. त्याआधी मी पोरांच्या चुका शोधायचो. त्यानंतर पोर त्या चुकीपर्यंत कसं पोचलं ते बघायला लागलो.

---

वेलांटी | ४ ऑक्टोबर, रात्री १०.३१

मास्तर, तुम्हाला बदललं ते प्रशिक्षणानं की दुसऱ्या शिक्षिकेचा वर्ग डोळ्यांनी बघितल्यानं? मी या दोन्ही गोष्टी एकाच खात्यात टाकणार नाही. आम्हा माध्यमिकवाल्यांना कुणी कुणाचा वर्ग दाखवला नाही. सभागृह, पीपीटी, चहा, हजेरीपत्रकावर सही.

---

माणदेशी मास्तर | ४ ऑक्टोबर, रात्री १०.४४

हे बरोबर पकडलंत. इंग्रजीचंही तसंच. २०१६ नंतर काही जिल्ह्यांत ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टच्या मदतीनं इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी 'तेजस' हा उपक्रम चालला. त्यात आसपासच्या शाळांचे शिक्षक गट करून बसायचे आणि आपापल्या वर्गात काय केलं ते एकमेकांना सांगायचे. माझा शेजारच्या जिल्ह्यातला मित्र त्यात होता. तो म्हणतो, इंग्रजी सुधारलं की नाही देव जाणे, पण इतर गुरुजींसमोर मोडकंतोडकं बोलायची लाज गेली. आता भाषेच्या शिक्षकाची लाज जाणं ही मोठी गोष्ट आहे की नाही सांगा.

---

पालक_कोथरूड | ५ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

शिक्षकांच्या मनात काय येतं ते ठीक आहे, पण आम्हाला दिसतं ते वेगळं. माझा मुलगा सीबीएसईला आहे. मराठीत चार ओळींचं पत्र लिहिता येत नाही. शिक्षिका बिचाऱ्या बऱ्या आहेत, पण मराठीच्या तासाला प्रोजेक्टच्या वह्या पूर्ण करून घेतात. कायदा केला, सक्ती केली, उपयोग काय?

---

ऱ्हस्वदीर्घ | ५ ऑक्टोबर, दुपारी १.५२

@पालक_कोथरूड, त्या बिचाऱ्या बाईंच्या जातीची मी आहे म्हणून उत्तर देते. ठाण्यातली शाळा, सीबीएसई.

२०२० चा मराठी सक्तीचा कायदा आला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीला सुरुवात, मग दरवर्षी एकेक इयत्ता पुढे. उल्लंघन केलं तर एक लाखापर्यंत दंड. त्याआधी मी दोन शाळांमध्ये अर्धवेळ फिरायचे. कायद्यामुळे पूर्णवेळ नेमणूक झाली, कंत्राटी का होईना. स्टाफरूममध्ये स्वतःचं कपाट मिळालं. हसू नका, ज्यांना मिळालेलं नसतं त्यांना कपाटाची किंमत कळते.

मग कोविड, मग पालकांची ओरड, आणि २०२३ मध्ये इतर मंडळांच्या शाळांना काही वर्षांपुरती सवलत: मराठीला गुण नकोत, श्रेणी द्या, आणि ती एकूण निकालात धरू नका. ते परिपत्रक वर्गात पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं विचारलं, 'मॅम, मराठी काउंट होतं का?' मी म्हटलं नाही. तिनं वही मिटली. उद्धटपणे नाही, अगदी समजूतदारपणे.

वह्या का पूर्ण करून घेतो ते सांगते. तपासणी झाली तर दाखवायला वह्या लागतात. मुलाला पत्र लिहिता येतं का, हे बघायला कुणी येत नाही. कायद्यानं माझी नोकरी टिकली. माझा विषय टिकवायचं काम मात्र माझ्याच गळ्यात आहे, आणि त्यासाठी आठवड्यात जेमतेम काही तास, तेही खेळाच्या तासानंतरचे. मुलं घामानं भिजलेली, पाणी प्यायला रांगेत.

---

पालक_कोथरूड | ५ ऑक्टोबर, दुपारी २.१५

कपाटाचा मुद्दा माहीत नव्हता. श्रेणीचं परिपत्रक आलं तेव्हा आमच्या पालकांच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले होते, हेही सांगून टाकतो.

---

कार्यभार शून्य | ५ ऑक्टोबर, रात्री ९.४०

कनिष्ठ महाविद्यालय, मराठी. नावातच सगळं आलं, तरी लिहितो.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून आधी व्यवस्था सांगतो. अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या भाषेच्या जागी मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन वगैरे किंवा, विज्ञान-वाणिज्यला, माहिती तंत्रज्ञान. होय, भाषेला पर्याय आयटी. आयटीची परीक्षा संगणकावर, गुण भरघोस. मराठीची लेखी, तपासणारा हात आखडता. सोळा वर्षांच्या मुलानं काय निवडावं असं तुम्हाला वाटतं? मी त्याच्या जागी असतो तर मीही आयटीच घेतलं असतं.

परिणाम असा की माझी ओळख आता प्रवेशाच्या हंगामात ठरते. जूनमध्ये मी मराठीचा प्राध्यापक नसतो, विक्रेता असतो. काउंटरपाशी उभा राहून पालकांना सांगतो की युवकभारती सोपं आहे, स्पर्धा परीक्षेला मराठी लागते. विद्यार्थी कमी झाले की तुकडी जाते, तुकडी गेली की कार्यभार, म्हणजे माझ्या वाट्याचे तास, जातो, मग संच मान्यतेत, म्हणजे मंजूर पदं मोजताना, मी अतिरिक्त. दुसरीकडे समायोजनाची यादी लागली की नाव शोधायचं. ऑगस्टपासून पुन्हा साहित्य.

एक गंमत. गेल्या वर्षी, मे २०२४ मध्ये, राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात अकरावी-बारावीला इंग्रजीची सक्ती राहणार नाही असं होतं. आमच्याकडच्या इंग्रजीच्या मॅडम, ज्यांना आजवर कार्यभार मोजायची वेळ आली नव्हती, त्या आठवडाभर माझ्या टेबलापाशी येऊन बसत होत्या. 'सर, तुम्ही एवढी वर्षं कसं काढलंत?' त्या आठवड्यात आमची जी मैत्री झाली ती आधीच्या सगळ्या वर्षांत झाली नव्हती.

वेलांटीताई, तुमच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त 'गुण आणि तासिका' यात 'तुकडी' घाला.

---

अर्धविराम | ६ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१८

मी हिंदी शिकवते. बरेच दिवस या विषयावर कुठेच लिहिलं नाही, कारण यंदाच्या उन्हाळ्यात हिंदीचं नाव काढलं की लोक आधी तुमचा पक्ष विचारत होते.

माझी मातृभाषा मराठी. एमए हिंदी केलं कारण मला आवडलं. पाचवी ते दहावी शिकवते. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य असा शासन निर्णय आला. १७ जूनला सुधारित आला: 'अनिवार्य' गेलं, 'सर्वसाधारणपणे' आलं, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर ती घेणारी वर्गात किमान २० मुलं हवीत. २९ जूनला दोन्ही रद्द आणि नरेंद्र जाधवांची समिती. या अडीच महिन्यांत माझ्या नणंदेनं विचारलं, 'आता तुमची चांदी ना?' सोसायटीतल्या एकांनी विचारलं, 'तुम्ही आपल्या की त्यांच्या?' कुणाकडे राग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की पहिलीपासून हिंदी आली असती तर मला काहीतरी मिळालं असतं.

काय मिळणार होतं? पहिली ते चौथीला विषयशिक्षक नसतो. प्राथमिकच्या वर्गशिक्षकांनाच ती तासिका घ्यावी लागली असती. हिंदीच्या शिक्षकाचं एकही पद त्यातून निर्माण होत नव्हतं. उलट झालं असं की मुलं माझ्याकडे जरा तिरकस बघायला लागली. आठवीतल्या एकानं उत्तर मराठीतच देईन म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं दे. त्यानं दिलं, चांगलं दिलं, मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते हिंदीत कसं होईल ते बघितलं. त्या दिवशीचा माझा तास वर्षातला सगळ्यात चांगला गेला, हे कुठल्या समितीला कळवू?

नववी-दहावीला आमची परीक्षा वेगळीच. मुलं 'स्कोअरिंग' म्हणून संपूर्ण संस्कृत किंवा हिंदी-संस्कृत संयुक्त घेतात. म्हणजे संयुक्तला मी अर्धी शिक्षिका. माझा पहारा राष्ट्रभाषेवर वगैरे आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझं वेळापत्रक बघावं.

---

वेलांटी | ६ ऑक्टोबर, रात्री ८.०२

अर्धविराम, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी स्वतः या निर्णयाच्या विरोधात होते, अजूनही आहे. पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये. पण त्या चर्चांमध्ये भाषातज्ज्ञ, साहित्यिक, पक्ष, अभिनेते सगळे बोलले. रोज हिंदी शिकवणारं कुणी वाहिनीवर आलेलं मला आठवत नाही.

---

माणदेशी मास्तर | ६ ऑक्टोबर, रात्री ८.४५

भाषेचा शिक्षक म्हणजे पंगतीतला वाढपी. काय रांधायचं ते आचारी ठरवणार, किती पंगती ते यजमान ठरवणार, मीठ जास्त झालं की शिव्या वाढप्याला.

---

मांडवीकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री ११.१०

गोव्यातून. सरकारी मराठी प्राथमिक शाळा. आमच्याकडे हे नाटक आधी झालंय. १९९० पासून प्राथमिकला अनुदान फक्त मराठी-कोकणी माध्यमांना होतं. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही द्यायचं ठरलं, आंदोलनं झाली, सरकार बदललं, अनुदान राहिलं. त्या काळात आम्ही सभांमध्ये 'संस्कृतीचे रक्षक' होतो. आज माझी ओळख पटावर ठरते. पहिलीला मुलं किती आली, शाळा शेजारच्या शाळेत विलीन होणार का. आणि मुलं घरी कोकणी बोलतात, शाळेत माझ्याकडून मराठी शिकतात, पालक विचारतात इंग्रजी कधी सुरू करणार. तिन्ही भाषांना मी परका नाही आणि तिन्ही बाजूंच्या भाषणांत मी नाही. कार्यभार शून्य सरांचा विक्रेत्याचा मुद्दा वाचून हसलो. मेमध्ये आम्हीही घरोघरी फिरतो.

---

ज्ञानेश_अ | ७ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

सगळे शासनाला आणि गुणांना दोष देताहेत. पगार वेळेवर, सुट्ट्या भरपूर. वाचणारे शिक्षक किती? मी ओळखतो त्यातले अनेक मराठीचे शिक्षक पाठ्यपुस्तकाबाहेर वर्षभरात एक पुस्तक वाचत नाहीत. ओळख आतून येते.

---

कार्यभार शून्य | ७ ऑक्टोबर, दुपारी १२.२५

@ज्ञानेश_अ, न वाचणारे आहेत, त्यांची बाजू घेत नाही. 'पगार वेळेवर' मात्र विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानितवाल्यांसमोर म्हणून बघा. त्यातले कित्येक संध्याकाळी दुसरं काम करतात. आणि ओळख आतून येत असेल, पण ती टिकायला बाहेर तुकडी लागते.

---

वेलांटी | ७ ऑक्टोबर, रात्री ९.२०

वाचण्याबद्दल ज्ञानेश यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. पण एक निरीक्षण आहे. कृतिपत्रिका आल्यावर आमच्यातल्या वाचणाऱ्या शिक्षकांना जास्त त्रास झाला, न वाचणाऱ्यांना कमी. न वाचणाऱ्यांनी गाईडातल्या चौकटी फळ्यावर उतरवल्या आणि ते सुखी झाले. वाचणाऱ्यांना कळत होतं की रसग्रहणाला चार ठरावीक मुद्दे दिले की मूल कवितेपर्यंत जातच नाही, आणि न द्यावेत तर गुण जातात. मी आता दोन्ही करते. जून ते दिवाळी मी माझ्या पद्धतीनं शिकवते, मुलांना भांडू देते, पाठाबाहेरचं वाचायला देते. दिवाळीनंतर मी बोर्डाची शिक्षिका. मुलांनाही हे माहीत आहे. मागे एकानं विचारलं, 'बाई, आता कुठल्या बाई?'

बरं, या सगळ्यात ज्यावर आज स्टाफरूम पेटलीय ते राहूनच गेलं: टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, सेवा पाच वर्षांहून जास्त उरलेल्या शिक्षकांनी ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर घरी. तो आठवीपर्यंतच्या शिक्षकांना आहे, पण मी आठवीची एक तुकडी घेते, तेव्हा मला लागू की नाही यावर आमच्यात दोन तट पडलेत. प्राथमिकवाले काय करताहेत?

---

माणदेशी मास्तर | ७ ऑक्टोबर, रात्री १०.१२

मी नोव्हेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरला. संघटना पुनर्विचार याचिका मागताहेत, पण मी वाट बघणार नाही.

आता यात भाषेच्या शिक्षकाची जागा बघा. उच्च प्राथमिकचा पेपर दुसरा, १५० गुण. बालमानसशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०. उरलेले ६० एक तर गणित-विज्ञान, नाहीतर सामाजिक शास्त्र. भाषेच्या शिक्षकासाठी भाषेचा विभागच नाही! ज्या तीस-तीस गुणांच्या भाषा आहेत त्या गणितवाल्यालाही तेवढ्याच. म्हणजे मी भाषेचा शिक्षक म्हणून राहण्यासाठी पात्र आहे की नाही, ते पानिपत आणि पर्जन्यमानावर ठरणार. विज्ञान माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून सामाजिक शास्त्र घेतलंय. खुल्या गटाला ६० टक्के लागतात.

---

अर्धविराम | ७ ऑक्टोबर, रात्री १०.२०

हे मला माहीतच नव्हतं. मी पाचवी ते आठवी घेते, म्हणजे मलाही हेच?

---

माणदेशी मास्तर | ७ ऑक्टोबर, रात्री १०.२६

पाचवी प्राथमिकमध्ये मोडते, तिचा पेपर पहिला. सहावी ते आठवी पेपर दुसरा. तुमची नेमणूक कुठल्या गटावर आहे ते मान्यतेच्या आदेशात बघा, तोंडी कुणाचं ऐकू नका. शंका असेल तर दोन्ही भरा, आमच्याकडे बऱ्याच जणांनी तसंच केलंय.

अभ्यासाला बालभारतीची सहावी ते आठवीची इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोलाची पुस्तकं आधी संपवा, जाड ठोकळे नंतर. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. भूगोल मी माझ्या सातवीतल्या मुलीकडून शिकतोय. ती रोज रात्री मला प्रश्न विचारते आणि चुकलो की वहीत लाल शेरा मारते.

---

वेलांटी | ७ ऑक्टोबर, रात्री १०.४१

मास्तर, मान्यतेचा आदेश उद्याच काढते. आणि पेपर दुसऱ्याचे जुने संच कुणाकडे असतील तर दुवा टाका, आमच्याकडच्या आठ-दहा जणांना हवेत.